कारखान्यातून आलेला फोन ‘माझा’ कसा होतो

तालुक्याच्या गावातली कुठलीही मोबाईल शॉपी पाहावी. विकायचे फोन काचेच्या एका कपाटात मावतात. भिंती मात्र वरपासून खालपर्यंत कव्हरांनी झाकलेल्या असतात. काळी, चकाकती, मखमली, मागे अंगठी लावलेली, राजमुद्रा छापलेली, विठ्ठलाची, बाबासाहेबांची, सिनेमातल्या नायकाची, कोऱ्या पारदर्शक प्लास्टिकची. फोनचा निर्णय किंमत आणि कॅमेरा पाहून झटकन होतो. कव्हर निवडताना मात्र गिऱ्हाईक रेंगाळतं, दोन-तीन चढवून बघतं, सोबत आलेल्याला विचारतं. एकाच साच्यातून लाखोंनी बाहेर पडलेली वस्तू हातात आली की तिच्यावर आपली खूण उमटवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यावर नाव आणि तारीख कोरून घेणाऱ्या महाराष्ट्राला ही ओढ ओळखीची आहे.

फोन सजवण्याकडे आपण पोरकट हौस म्हणून पाहतो. वयात आलेल्या मुलामुलींचं खूळ, फार तर दुकानदारांचा धंदा, असं म्हणून विषय संपवतो. मला तो इतका हलका वाटत नाही. गेल्या तीसेक वर्षांत फोनवर माणसांनी जे चिकटवलं, वाजवलं, झाकलं आणि लपवलं, ते एकत्र ठेवून पाहिलं तर त्यातून आपल्या काळाचा मोठा सामाजिक इतिहास दिसतो. त्यात कंपन्यांनी दिलेल्या सोयींपेक्षा लोकांनी स्वतः काढलेल्या वाटा जास्त बोलक्या आहेत. आणि आपल्याकडे फोनवरची खूण क्वचितच नुसत्या आवडीची राहते. जात, धर्म, भाषा, बाईपण यांच्याशी ती जोडली जाते आणि तिची किंमतही मोजावी लागते, कधी कधी जिवाने.

सुरुवातीला अशा खुणेची गरजच नव्हती. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्यातून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना दिल्लीत पहिला मोबाईल कॉल केला, त्यानंतरची काही वर्षं फोन बाळगणं हीच ओळख होती. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. कंबरेच्या पट्ट्याला लावलेलं चामड्याचं पाकीट पाहूनच माणसाची ऐपत कळायची. इनकमिंग २००३ मध्ये फुकट झालं, फोन स्वस्त झाले आणि मार्च २०१० पर्यंत देशात मोबाईलची ५८ कोटी कनेक्शन्स झाली. रिक्षावाल्याकडे, भाजीवालीकडे, बँकेच्या साहेबाकडे तोच करडा-निळा नोकिया आला. सगळ्यांच्या हातात तेच यंत्र आलं तेव्हा ‘यातला माझा कुठला?’ हा प्रश्न उभा राहिला.

त्याचं पहिलं उत्तर फिनलंडमधून आलं होतं. नोकियाने १९९८ मध्ये ५११० हा फोन आणला. त्याचं पुढचं आवरण कुणालाही हाताने काढून दुसऱ्या रंगाचं बसवता येई. पुढच्याच वर्षी आलेल्या ३२१० ची अँटेना पोटात गेली आणि पुढचं-मागचं दोन्ही आवरणं बदलता येऊ लागली. नोकियाच्या रचना विभागाचा प्रमुख तेव्हा फ्रँक नुओव्हो होता. फोन हे यंत्रापेक्षा अंगावर वागवायच्या वस्तूंच्या जवळचं आहे, हे ज्यांनी आधी ओळखलं त्यांत त्याचं नाव घ्यावं लागतं. पुढे त्याच विचाराचं दुसरं टोक म्हणून नोकियाने व्हर्तू ही श्रीमंतांसाठीची शाखा काढली आणि कळांच्या खाली माणिकाचे बेअरिंग बसवलेले फोन विकले. मला त्या माणकांपेक्षा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटमध्ये ढिगाने मिळणारी नकली आवरणं महत्त्वाची वाटतात. कंपनीची अस्सल आवरणं परवडणारे थोडे होते. त्या ढिगातून हवा तो रंग उचलणारे असंख्य होते.

पडद्यावरही जागा होती, पण बोटभर. जुन्या नोकियावर कंपनीचं नाव जिथे दिसे तिथे ७२ बाय १४ ठिपक्यांत मावेल असं चित्र एसएमएसने मागवून बसवता येई. एक गुलाब, एक हृदय, एक वाघ. आजच्या डोळ्यांना ते चित्र म्हणवणार नाही. पण मोबाईल कंपनीचं नाव पुसून त्या जागी स्वतः निवडलेलं काहीतरी ठेवणं, ही छोटी मालकी होती आणि त्यासाठी लोक पैसे मोजत होते.

मग आवाज. नोकियाची ती जगभर वाजलेली धून मुळात फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ मधल्या रचनेतला तुकडा आहे. ती सगळ्यांची होती म्हणूनच कुणाचीच नव्हती. एसटीत एक फोन वाजला की पाच जण खिसे चाचपत. भारतासाठी नोकियाने १९९८ मध्ये ५११० वर ‘सारे जहाँ से अच्छा’ दिलं. ३२१० मध्ये तर स्वतः सूर टाकायची सोय आली. कुठली कळ कितीदा दाबायची याचे आकडे लिहिलेले कागद वर्गावर्गांतून फिरायचे. एका वेळी एकच सूर, तोही जेमतेम पन्नास नोंदींचा, तरीही त्यात हिंदी सिनेमातल्या गाण्याचा मुखडा ओळखू येई इतपत जमवणारी मुलं होती. संगीताचा गंध नसलेल्या कितीतरी जणांनी आयुष्यात एकदाच सूर मांडले असतील, तर ते या फोनवर.

या सगळ्यात जपान आपल्याही पुढे होतं आणि तिथली गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. १९९६ मध्येच तिथे स्वतः धून भरता येणारे फोन आले. १९९८ मध्ये निघालेल्या, गाण्यांच्या धुना फोनमध्ये कशा भरायच्या ते सांगणाऱ्या एका पुस्तकाच्या ३५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. फोनच्या कोपऱ्यात दोरी ओवायला भोक असे आणि त्यातून मणी, बाहुल्या, घंटा, देवळातून आणलेले ताईत लोंबत. १९९५ पासून जपानी मुलींना फोटो-स्टिकर काढून देणाऱ्या यंत्रांचं वेड होतं. मैत्रिणींसोबत काढलेले ते नखाएवढे फोटो बॅटरीच्या झाकणावर चिकटवले जात, आणि कुणाशी मैत्री तुटली की तिचा फोटो खरवडला जाई. त्यातूनच पुढे फोनचं अख्खं आवरण चमकत्या खड्यांनी, नकली मोत्यांनी, केकवरच्या क्रीमसारख्या दिसणाऱ्या सिलिकॉनने मढवण्याची कला निघाली. शिबुया भागातल्या भडक कपडे घालणाऱ्या मुलींनी ती वाढवली. शाळेचा गणवेश एकसारखा, केसांचे नियम कडक, घरात स्वतःची खोली असेल-नसेल. अशा वयात हातातली ती चार इंची वस्तू हाच मनाजोगता सजवता येणारा प्रदेश होता. मिझुको इतो, दाइसुके ओकाबे आणि मिसा मात्सुदा यांनी २००५ मध्ये संपादित केलेल्या अभ्यासग्रंथाने जपानी फोनकडे गंभीरपणे पाहायला जगाला शिकवलं. त्याच जपानमध्ये १९९९ मध्ये शिगेताका कुरिता याने डोकोमो कंपनीसाठी १७६ छोटी चित्रं, म्हणजे इमोजी, काढली, प्रत्येक १२ बाय १२ ठिपक्यांचं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली. मढवलेल्या फोनांनाही तसाच मान मिळायला हवा होता, असं मला वाटतं. ते मुलींनी घरी बसून केलेलं काम होतं, कदाचित म्हणूनच ते ‘हौस’ या खात्यात राहून गेलं.

आपल्याकडे दागिना लागला तो कानाला. भारतातला फोन आधी वाजला, मग दिसला. मेमरी कार्ड आलं तसं गावोगावच्या दुकानांत ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. दहा-वीस रुपये दिले की दुकानातला पोरगा संगणकावरच्या फोल्डरांतून कार्ड भरून देई: नवीन मराठी, जुने हिंदी, भक्तिगीत, लावणी, डीजे. इंटरनेट नसलेल्या लाखो माणसांचा संगीतसंग्रह असा तयार झाला. कुठली गाणी हवीत हे सांगताना गिऱ्हाईक आपली जत्रा, आपला देव, आपलं गाव सांगत असे. त्याच काळात ब्लूटूथ आलं आणि फोनला नाव द्यायची सोय झाली. लोकलच्या डब्यात ब्लूटूथ चालू केलं की आसपासच्या अनोळखी माणसांनी स्वतःला दिलेली नावं यादीत उतरत: राजे, किंग, अमुक बॉईज, कुणाच्या तरी मुलीचं लाडकं नाव. समोरचा कोण हे कळायचं नाही, पण त्याला स्वतःला काय म्हणवून घ्यायचं आहे ते कळायचं. ‘अमुकराव, आपला फोन वाजतोय’ असं यंत्राच्या आवाजात पुकारणाऱ्या रिंगटोनही तेव्हाच्याच. आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नाही अशा माणसाला त्याचा फोन साहेब म्हणत होता. त्यावर हसणाऱ्यांनी ते समाधान कधी लक्षात घेतलं नाही.

त्याच वेळी चिनी फोनांची लाट आली. मोठा स्पीकर, दोन सिमकार्डं, गाण्याच्या ठेक्यावर लुकलुकणारे दिवे. मोठ्या कंपन्यांच्या रचनाकारांनी जे बटबटीत म्हणून टाळलं असतं ते सगळं त्यांत होतं आणि गिऱ्हाइकाला तेच हवं होतं. ओळख क्रमांक नसलेल्या अशा फोनांवरची सेवा १ डिसेंबर २००९ पासून सुरक्षेच्या कारणाने बंद करायला सरकारने लावलं, पण तोवर बाजाराला धडा मिळाला होता. मायक्रोमॅक्ससारख्या देशी कंपन्यांनी तो गिरवला; खडे जडवलेला ‘ब्लिंग’ नावाचा फोन त्यांनी बायकांसाठी म्हणून काढला.

कॉलर ट्यून ही तर आणखी वेगळी गोष्ट. दक्षिण कोरियात २००२ मध्ये सुरू झालेली ही सोय दोनेक वर्षांत भारतात आली आणि इथे जशी रुजली तशी फार थोड्या ठिकाणी रुजली असेल. तिचं वैशिष्ट्य असं की पैसे भरणाऱ्याला ती ऐकू येत नाही. ती ऐकतो फोन करणारा. म्हणजे दाराबाहेर काढलेली रांगोळीच ही, येणाऱ्यासाठी. गजानन महाराजांच्या भक्ताला फोन केला की आधी त्याची भक्ती कळे, कार्यकर्त्याला केला की पक्ष कळे, नव्याने प्रेमात पडलेल्याला केला की तेही कळे. आवडली तर अमुक बटण दाबा आणि तीच ट्यून तुमच्या फोनला लावा, अशी सोय असल्याने ती एकाकडून दुसऱ्याकडे लागण झाल्यासारखी पसरे. अजय-अतुल यांची गाणी खेड्यापाड्यांत ज्या वाटांनी पोचली त्यांत ही एक मोठी वाट होती. संगीत कंपन्यांनीही यात भरपूर कमावलं. पण याच धंद्यात न मागता ट्यून सुरू होण्याच्या आणि पैसे कापले जाण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अशी सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी, असं दूरसंचार नियामक ट्रायला २०१३ मध्ये बजावावं लागलं. आणि मार्च २०२० मध्ये सरकारने ही जागाच ताब्यात घेतली. कुणालाही फोन लावा, आधी खोकला आणि करोनाची सूचना. त्या काळात तिची गरज होती हे मान्यच आहे. पण आपल्या दारातल्या रांगोळीवर आपला हक्क किती पातळ असतो, तेही तेव्हा दिसलं.

आता त्या गोष्टीकडे येतो जी या विषयातून वगळणं मला अप्रामाणिक वाटेल. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका विशीतल्या दलित तरुणाचा खून झाला. नर्सिंगचं शिक्षण घेणारा हा मुलगा लग्नासाठी गावात आला होता. पोलिसांत नोंदवलेल्या तक्रारीनुसार, तो सोबत्यांबरोबर बसलेला असताना त्याचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. शेजारी बसलेल्या तरुणांनी ती बंद करायला सांगितलं, वाद झाला, मारहाण झाली, त्याला उचलून नेलं आणि ठार मारलं. फोनची रिंगटोन ही व्यक्तिगत निवड आहे असं सहज म्हणणाऱ्यांनी या घटनेपाशी थांबावं.

ते गाणं फोनमध्ये कुठून आलं तेही समजून घ्यायला हवं. भीमगीतांची परंपरा जलशांपासूनची. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या आवाजातून ती वस्त्यावस्त्यांत गेली. आधी सभेत, मग कॅसेटवर, मग सीडीवर. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी गाण्यांचेही ठेले लागतात. मोबाईल आला तेव्हा ही गाणी खिशात आली आणि त्यांच्या ऐकवण्याची जागा बदलली. कॅसेट आपल्या वस्तीत वाजते. फोन एसटीत वाजतो, कचेरीत वाजतो, हॉटेलात वाजतो, जिथे जात सांगितली तर काय होईल याची खात्री नसते अशा प्रत्येक ठिकाणी वाजतो. ती रिंगटोन लावणाऱ्याने जात लपवणार नाही असं ठरवलेलं असतं, आणि ही घोषणा कधी होणार ते त्याच्या हातात नसतं. दुसऱ्या कुणीतरी नंबर लावला की ती होते. इतकं धैर्य लागणाऱ्या गोष्टीला आपण ‘स्टाईल’ म्हणतो. म्हणायला हरकत नाही. कोट आणि टाय हीसुद्धा बाबासाहेबांनी जाणीवपूर्वक निवडलेली स्टाईलच होती.

व्हॉट्सअॅपचा डीपी आणि २०१७ पासून आताच्या रूपात आलेलं स्टेटस यांनी हीच घोषणा पडद्यावर आणली. आज महाराष्ट्रात शिवजयंती, भीमजयंती, आषाढी एकादशी किती तारखेला आहे ते पाहायला कॅलेंडर लागत नाही. सकाळी डीपी बदललेले दिसतात. कुणी गेलं की काळी चौकट येते. लेक दहावी पास झाली की तिचा फोटो येतो. वर्षभरातले एखाद्याचे डीपी ओळीने लावले तर त्याचं घर, देव आणि राजकारण त्यात सापडतं. आणि इथेही किंमत आहेच. जून २०२३ मध्ये औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्यावरच्या काही स्टेटसवरून कोल्हापुरात बंद, दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. चोवीस तासांनी आपोआप पुसल्या जाणाऱ्या चित्रावरून शहर पेटू शकतं, ही आपल्या काळाची खरी गोष्ट आहे. शिर्डीची घटना आणि ही घटना एका मापाने मोजू नयेत, पण फोनवरची खूण ही सार्वजनिक जागेतली कृती असते, हे दोन्हींतून कळतं.

कव्हरांकडे परत वळू, कारण आज सगळ्यात जिवंत कारागिरी तिथे आहे. फोटो छापलेलं कव्हर दीडशे-दोनशे रुपयांत मिळतं आणि ते कसं होतं ते पाहण्यासारखं असतं. दुकानदार फोटो उलटा, आरशातल्यासारखा, खास कागदावर छापतो. पांढरा लेप दिलेल्या पातळ पत्र्यावर तो कागद ठेवून तापत्या दाबयंत्रात घालतो. दोनशे अंशांच्या आसपास शाई वितळत नाही, तिची थेट वाफ होते आणि ती लेपात शिरते. म्हणून चित्र नखाने निघत नाही. मग तो पत्रा कव्हरच्या पाठीवर चिकटवायचा. या शाईत पांढरा रंग नसतो, पांढरं जे दिसतं तो पत्र्याचा लेप. दुकानदाराची खरी डोकेदुखी चित्र ही नसतेच. दर महिन्याला नवं मॉडेल येतं, प्रत्येकाचं कॅमेऱ्याचं भोक वेगळं, आणि ज्या मॉडेलची कोरी कव्हरं भरून ठेवली ते मॉडेल बाजारातून गेलेलं असतं. या कव्हरांवर छापायला लोक काय आणतात? मुलांचे फोटो, गेलेल्या आईवडिलांचे फोटो, बैलजोडीचे, नव्या ट्रॅक्टरचे, स्वामी समर्थांचे. सैन्यात असलेल्या मुलाचा गणवेशातला फोटो घेऊन आलेला बाप कुठल्याही छपाईच्या दुकानात भेटेल.

पारदर्शक कव्हराचा वापर तर लोकांनी पूर्ण स्वतःचा करून टाकला. प्लास्टिक उन्हाने काही महिन्यांत पिवळं पडतं, पण तोवर त्याच्यामागे काय काय राहतं: दहाची घडी घातलेली नोट, मेट्रोचं कार्ड, साईबाबांचा छोटा फोटो, बायकोचा पासपोर्ट आकारातला फोटो, कोरियन गायकांचं छापील कार्ड, एखादं वाळलेलं फूल. कंपनीने कव्हर पारदर्शक केलं ते फोनचा रंग दिसावा म्हणून. लोकांनी त्याचं पाकीट, देव्हारा आणि अल्बम केलं. फोनमागे चिकटवायची ती घडीची गोल मूठ अमेरिकेत डेव्हिड बार्नेट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने काढली आणि ती जगभर खपली. पण या फुकटच्या शोधापुढे मला ती फिकी वाटते.

आतापर्यंत जे सांगितलं ते दाखवण्याबद्दल. फोन आपला करण्याची दुसरी बाजू लपवण्याची आहे आणि ती बहुतेक बायकांच्या वाट्याला आली आहे. नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या स्त्रियांशी बोलून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की अनेकींचा फोन घरात सगळ्यांच्या हाती फिरतो. नवरा, सासू, मुलं कुणीही तो उघडून पाहतं. फोन द्यायला नकार देणं म्हणजे काहीतरी लपवते असा अर्थ. मग या बायका एखाद्याच अॅपला कुलूप लावतात, एखादाच मेसेज किंवा एखादाच शोध पुसतात, बाकी सगळं तसंच ठेवतात म्हणजे संशय येत नाही. मैत्रिणीचा नंबर दुसऱ्याच नावाने ठेवणं, गॅलरीतले फोटो वेगळ्या फोल्डरात सारणं, हे आपल्या ओळखीच्या घरांत चालू असतं. भिंतीवर फुलाचं चित्र आणि आत कुलूपबंद एक कोपरा: यातला दुसरा भाग जास्त ‘स्वतःचा’ आहे. फोन आणि ओळख यांवरच्या लेखनात रंग आणि खडे फार येतात, हा कोपरा कमी येतो.

कंपन्यांनी या ओढीचं काय केलं? त्यांचा इतिहास चंचल आहे. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्यात बदलण्यासारखं जवळपास काही नव्हतं. मुख्य पडद्यामागे स्वतःचं चित्र लावायला २०१० साल उजाडावं लागलं. त्याला दोरीचं भोक नव्हतं, म्हणून जपानमधली लोंबती खेळणीही ओसरली. २०२० मध्ये पडद्यावर हव्या त्या आकाराचे चौकोन मांडायची सोय झाली, तेव्हा मुलामुलींनी एका रंगात, एका भावात सजवलेले पडदे एकमेकांना दाखवण्याची लाट आली. चिन्हं हवी तिथे ठेवण्याची आणि एका रंगात रंगवण्याची परवानगी २०२४ मध्ये मिळाली. एवढी साधी गोष्ट द्यायला सतरा वर्षं लागली, कारण एकसारखा दिसणारा पडदा हीच त्या कंपनीची जाहिरात होती.

मोटोरोलाने २०१३ मध्ये गिऱ्हाइकाने निवडलेल्या रंगांचा फोन टेक्सासमध्ये जोडून द्यायचा प्रयोग केला. तो कारखाना २०१४ मध्ये बंद झाला. २०१३ मध्येच नोकियाने एका ल्युमिया फोनचं आवरण घरी छापता यावं म्हणून त्याचे आराखडे खुले केले. सुटे भाग जोडून फोन बनवण्याचा गूगलचा प्रकल्प २०१६ मध्ये गुंडाळला गेला. दरम्यान अँड्रॉइडच्या जगात हौशी तरुण फोनची आतली प्रणालीच बदलून टाकत होते. सायनोजेनमॉड हे त्यांतलं सगळ्यात गाजलेलं नाव, आणि त्याचा भारतातला हक्क कुणाचा यावरून डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स आणि वनप्लस दिल्ली उच्च न्यायालयात पोचले. ज्या गोष्टीची सुरुवात ‘माझा फोन मी हवा तसा करीन’ म्हणून झाली, तिच्या मालकीवरून दोन कंपन्या भांडत होत्या.

आणि आजची स्थिती मला सगळ्यात चिंतेची वाटते. स्वस्त फोनांवर कुलूपपडदा (लॉक स्क्रीन) उघडला की रोज नवं चित्र, नवी बातमी, नवी जाहिरात येते. बेंगळुरूच्या ग्लान्ससारख्या सेवा फोन बनवणाऱ्यांशी करार करून त्या पडद्यावर बसलेल्या असतात. महाग फोन घेणाऱ्याच्या पडद्यावर त्याच्या मुलीचा फोटो असतो. आठ-दहा हजारांचा फोन घेणाऱ्याच्या पडद्यावर कुणीतरी दुसऱ्याने निवडलेलं काहीतरी असतं, आणि ते बंद कसं करायचं ते सेटिंगच्या तीन-चार पायऱ्या आत असतं. ७२ बाय १४ ठिपक्यांवरून कंपनीचं नाव पुसायला लोक पैसे देत होते, आता सहा इंची पडदा जाहिरातदाराला विकला जातो आणि त्याचे पैसे फोनच्या मालकाला मिळत नाहीत. वैयक्तिक फोन हा हक्क किमतीनुसार वाटला जाऊ नये, एवढं तरी आपण मोठ्याने म्हणायला हवं.

अपवाद आहेत. २०२४ मध्ये आलेल्या सीएमएफच्या पहिल्या फोनची पाठ चार स्क्रू काढून बदलता येते, किंमतही सोळा हजारांच्या आत होती. नोकियाची ती जुनी कल्पना पुन्हा कुणाला तरी आठवली, याचा मला मनापासून आनंद झाला.

राहिली भाषा. माझ्या मते फोन आपला करण्याची सगळ्यात खोल पायरी तीच आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. हिंदी मेनू नोकियाने २००० मध्ये ३२१० वर दिला. अँड्रॉइडमध्ये मराठी ही प्रणालीची भाषा म्हणून २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आली. त्यानंतर सरकारी मानकानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीसही अनुसूचित भाषा वाचता येणं सक्तीचं झालं. म्हणजे आज दुकानातल्या जवळपास प्रत्येक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये मराठी आहे. पण फोन विकताना तो सुरू करून देणारा मुलगा सवयीने इंग्रजी निवडतो, आणि साठीच्या मावशी पुढची पाच वर्षं चिन्हांच्या रंगांवरून फोन चालवतात. अक्षरं मोठी करता येतात हेही त्यांना कुणी सांगत नाही. नातू सुट्टीत आला तर होतं. त्यातलं मराठीही काही ठिकाणी इतकं अवघड असतं की लोक पुन्हा इंग्रजीकडे जातात, आणि ते सुधारायला मराठी येणारी माणसं कंपन्यांनी नेमायला हवीत.

कव्हर निवडायला मोबाईल शॉपीवाला गिऱ्हाइकाला दहा नमुने काढून दाखवतो. त्याच टेबलावर, त्याच वेळी त्याने आणखी तीन प्रश्न विचारावेत: भाषा कुठली ठेवू, अक्षर केवढं ठेवू, आणि कुलूपपडद्यावरच्या जाहिराती बंद करून देऊ का.